ट्रॅक तिकडे आहे, बाई!

शहरात सायकल चालवणाऱ्या बाईला आठवड्यातून दोनदा तरी हे ऐकावं लागतं. मोटारीची काच खाली करून, स्कूटरवरून जाता जाता मान वळवून, कधी रिक्षातून. "ओ ताई, सायकलचा ट्रॅक तिकडे आहे ना!" केस पांढरे झाल्यापासून मला 'काकू' म्हणतात, एवढाच फरक. सूर तोच. तुमच्यासाठी एवढा खर्च केलाय, वेगळी जागा करून दिलीय, मग तुम्ही आमच्या रस्त्यात कशाला?

'आमच्या' रस्त्यात. मैत्रिणींनो, या एका शब्दाशी माझं भांडण आहे.

हा सूर आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी सर्वसाधारण डब्यात चढलेल्या बाईला काय ऐकवतात? "लेडीज डबा आहे ना, तिकडे जा." पुण्याच्या बसमध्ये डावीकडची बाकं बायकांसाठी राखीव असतात. एखादी उजवीकडे बसली की तिच्याकडे असं बघतात, जणू तिनं कुणाच्या ताटातली पोळी उचलली. राखीव जागा आपण मागितल्या, भांडून मिळवल्या, कारण सगळ्यांच्या म्हणवल्या जाणाऱ्या जागेत आपल्याला उभंही राहू देत नव्हते. पण राखीव जागा मिळाल्यावर उरलेली सगळी जागा आपोआप 'त्यांची' होते, हा हिशेब कुणी मांडला? राखीव जागा ही सार्वजनिक जागेवरच्या हक्कात पडलेली भर आहे. तिच्या बदल्यात मूळ हक्क सोडून देण्याचा करार आपण कधीच केलेला नाही.

गेली तीस वर्षं मी पुण्यात सायकल चालवते. हौस म्हणून नाही, वजन उतरवायला तर नाहीच. कामावर जायला, दळण आणायला, बँकेत, दवाखान्यात, सभेला, मोर्चाला. आणि बहुतेक वेळा मी ट्रॅक सोडून रस्त्यावरून, गाड्यांच्या मधूनच जाते. हा हेकटपणा नाही. त्याला कारणं आहेत.

कागदावरचा ट्रॅक, जमिनीवरचा ट्रॅक

एके काळी पुण्याला सायकलींचं शहर म्हणत. मग स्कूटर आली, लुना आली, स्कूटी आली आणि शेवटी मोटारी आल्या. सायकल गरिबाच्या आणि शाळकरी पोरांच्या हातात उरली. पुढे २००५ च्या डिसेंबरात केंद्राची जवाहरलाल नेहरू शहर पुनर्निर्माण योजना सुरू झाली, २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी आली आणि रस्ते नव्यानं आखताना कडेला सायकल ट्रॅक आले. त्याच २००६ सालच्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात स्पष्ट लिहिलं आहे, की रस्त्यावरची जागा वाहनांना नव्हे, माणसांना वाटायची आहे. नंतर २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेनं शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशे किलोमीटरच्या वर सायकल मार्गांचं जाळं आहे. त्याच सुमाराला कंपन्यांच्या रंगीबेरंगी भाड्याच्या सायकली वाजतगाजत रस्त्यावर आल्या आणि दोन-तीन वर्षांत बहुतेक दिसेनाशा झाल्या.

म्हणजे कागद कमी पडलेला नाही. आता जमिनीकडे बघू.

कुठलाही एक ट्रॅक निवडा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊन बघा. सायकल घेऊन नको, पायीच जा. सुरुवातीलाच टीचभर उंच कड आहे, म्हणजे उतरून सायकल उचलून वर चढवायची. मग पेव्हर ब्लॉक. काही खचलेले, काही उचकटलेले. दहा पावलांवर चेंबरचं झाकण, वर आलेलं किंवा आत गेलेलं. पुढे विजेचा डीपी. मग झाड, ते आधीपासून तिथंच होतं, ट्रॅकच त्याच्या अंगावर गेला. मग बसथांब्याची पाठ. तिथं बसची वाट बघणारी माणसं उभी आहेत, त्यांनी तरी कुठं उभं राहावं? मग लावून ठेवलेल्या मोटारसायकलींची रांग, कुणाच्या तरी बांधकामाचा राडारोडा, वाढदिवसाचा फ्लेक्स. गणपतीत मांडव. मध्ये दर इमारतीच्या फाटकापाशी ट्रॅक खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो, कारण आत-बाहेर करणाऱ्या मोटारीला धक्का बसता कामा नये. धक्के सायकलवालीनं खायचे. आणि हे सगळं पार करून चौकात पोचलात, की ट्रॅक संपतो. तिथं पट्टा नाही, सिग्नल नाही, काही नाही.

 धोका वळणावर असतो. चौकात, फाटकापाशी, गल्लीच्या तोंडाशी. उभ्या गाड्यांच्या आडून ट्रॅकवरनं येणारी सायकल डावीकडे वळणाऱ्या चालकाला दिसतच नाही, आणि दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. रस्त्यावर, त्याच्या समोर, त्याच्या नजरेच्या टप्प्यात असणं हेच बाईचं चिलखत आहे. उजवीकडे वळायचं असेल तर आणखी पंचाईत. डावीकडच्या कठड्याआड कोंडलेली बाई चार पदरी रस्ता ओलांडणार कशी? तिला आधीच रस्त्यावर यावं लागतं, हात दाखवावा लागतो, हळूहळू मधे सरकावं लागतं.

याबद्दल लंडनमधला एक अनुभव आहे. तिथंही आपल्यासारखीच डाव्या बाजूनं वाहतूक चालते. सायकलवरून जाताना ट्रकखाली सापडून मेलेल्यांत बायकांचं प्रमाण ठळकपणे जास्त दिसत होतं. २००७ साली तिथल्या वाहतूक खात्याच्या एका अहवालाची बातमी आली. त्यातला अंदाज असा होता, की बायका सिग्नल पाळतात, कडेला, ट्रकच्या डाव्या अंगाला निमूट उभ्या राहतात, आणि नेमकी तीच जागा चालकाच्या आरशात येत नाही. सिग्नल सुटला, ट्रक डावीकडे वळला की संपलं. नियम मोडून आधीच पुढे निघून गेलेले पुरुष वाचतात. 'कडेनं जा, सांभाळून जा' हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं शहाणपण कधी कधी जिवावर बेतणारं असतं, ते असं.

बाईची म्हणून जी कारणं

आतापर्यंतची कारणं कुठल्याही सायकलस्वाराची आहेत. काही मात्र खास आपली आहेत, आणि नेमकी तीच आराखडे करणाऱ्यांच्या कागदावर येत नाहीत.

पहिलं कारण अंधार. रस्त्याचे दिवे मोटारींसाठी, रस्त्याच्या मधोमध. ट्रॅक झाडाखाली, भिंतीकडेला. एका बाजूला कंपाउंड, दुसऱ्या बाजूला लोखंडी कठडा. संध्याकाळी सातनंतर अशा बोळातून बाईनं जायचं? समोरून कुणी आडवं आलं, मागून कुणी मोटारसायकल घालून सोबत चालू लागला, तर पळायचं कुठं? रस्त्यावर धूर आहे, हॉर्न आहेत, शिव्या आहेत; पण डोळेही आहेत. पानवाला आहे, रिक्षावाला आहे, बसमधली माणसं आहेत. मोटारीच्या धक्क्याची भीती आणि माणसाच्या हाताची भीती, या दोन्हींतली एक निवडण्याची वेळ आपल्यावर रोज येते. पुरुष आराखडाकाराला ती निवड कधी करावी लागलेली नाही. म्हणून त्याला ट्रॅक 'सुरक्षित' वाटतो.

दुसरं कारण आपल्या दिवसाचा आकार. पुरुषाचा प्रवास बहुधा सरळ असतो. घरून कामावर, कामावरून घरी. आपला तसा नसतो. पोराला शाळेत सोडायचं, तिथून कामावर, येताना भाजी, मग सासूबाईंची औषधं, मग गिरणी. छोटे छोटे सहा टप्पे, गल्ल्यांतून, पेठांतून, रस्ते ओलांडत. ट्रॅक मात्र मोठ्या सरळ रस्त्यांच्या कडेला, कारण तिथं जागा होती आणि तिथंच निधी होता. शाळेच्या दारात, मंडईपाशी, दवाखान्यापाशी, वस्तीच्या तोंडाशी तो नाही. बाईला जिथं जायचं असतं, तिथं हा ट्रॅक जातच नाही.

तिसरं कारण ओझं. पुढच्या बास्केटमध्ये भाजी, हँडलला दोन पिशव्या, मागे कॅरियरवर दळणाचा डबा किंवा पाच वर्षांचं पोर. अशा सायकलला दर पन्नास फुटांवर चढ-उतार आणि खचलेले ब्लॉक म्हणजे काय, ते ज्याने ओझं वाहिलं त्यालाच कळेल.

चार वर्षांपूर्वी अशाच एका ट्रॅकवर, अंधारात न दिसलेल्या लोखंडी खांबाला हँडल लागून मी पडले. मनगट मोडलं. समाचाराला आलेल्या प्रत्येकानं एकच प्रश्न विचारला, "या वयात सायकल कशाला?" ट्रॅकच्या मधोमध खांब कशाला, असं एकानंही विचारलं नाही. मैत्रिणींनो, हाही प्रश्न ओळखीचा आहे ना? "एवढ्या उशिरा ती तिथं कशाला गेली होती?" या प्रश्नाचं हे सख्खं भावंड. जिला लागलं तिनंच जाब द्यायचा, ही रीत घरातून रस्त्यावर आली आहे.

कायदा काय म्हणतो

"ट्रॅक असताना रस्त्यावर यायचा तुम्हाला हक्कच नाही," असं ठणकावून सांगणारे भेटतात. तर नीट ऐका. कायद्यात सायकल हे मोटारवाहन नाही. तिला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही. शहराच्या रस्त्यावर पायी माणसाचा जसा जन्मजात हक्क, तसा सायकलचा. उलट बंधन आहे ते मोटारवाल्यावर. १९८९ सालच्या रस्त्याच्या नियमांतच लिहिलं होतं, की पदपथावर किंवा सायकल ट्रॅकवर मोटारवाहन चालवायचं नाही. म्हणजे मी रस्त्यावरून गेले तर गुन्हा नाही, पण ट्रॅकवरून मोटारसायकल घालणारा नियम मोडतो. आणि तरी त्याला कुणी काही म्हणत नाही, मला मात्र रोज ऐकवतात. चोराच्या उलट्या बोंबा!

ट्रॅक कसा असावा याची मानकंही आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसनं सायकल मार्गांच्या आखणीची शिफारस १९६२ साली काढली आणि २०१५ साली ती सुधारली. १९६२! म्हणजे माझ्या पिढीतल्या पुष्कळजणी जन्मायच्या आधी या देशात हे ठरवून झालं होतं. ज्ञानाचा अभाव हे कारण कुणी सांगू नये.

ट्रॅक कुणासाठी?

मग असे ट्रॅक होतात तरी का? याचं उत्तर शोधायला जरा मागे आणि दूर जावं लागतं, कारण सायकलला वेगळं काढण्याची कल्पना आपली नाही. ती युरोपातून आली, आणि तिथं तिचे दोन वेगळे जन्म झाले.

पहिला १९३४ सालचा. जर्मनीत नाझींची सत्ता आली होती. त्यांनी देशभरासाठी वाहतुकीचा एकच कायदा केला आणि ट्रॅक असेल तिथं सायकलस्वारानं तोच वापरण्याची सक्ती केली. मोटारीला वाट मोकळी करून देणं हा त्यामागचा उद्देश होता. सायकलवर कामगार होते, मोटारीत कोण होतं हे सांगायला नको. तिथं ही सक्ती ढिली व्हायला १९९७ सालची कायदादुरुस्ती यावी लागली. त्याच १९३४ साली डिसेंबरात लंडनजवळ वेस्टर्न अव्हेन्यूवर ब्रिटनमधला पहिला खास सायकल ट्रॅक वाहतूकमंत्र्यांच्या हस्ते उघडला. तिथल्या सायकलस्वारांच्या संघटनेनं त्याला विरोध केला. त्यांना भीती होती, की आज वेगळी वाट देतील आणि उद्या रस्त्यावरून हाकलतील. आज माझ्या कानावर रोज पडणारं वाक्य त्यांनी नव्वद वर्षांपूर्वीच ओळखलं होतं.

दुसरा जन्म नेदरलँड्समधला, आणि तो आपल्या जास्त जवळचा आहे. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं मेली. त्यात चारशेहून अधिक मुलं होती. आया-बाप रस्त्यावर उतरले. त्यांनी चळवळीला नावच दिलं 'मुलांच्या हत्या थांबवा'. 'अपघात' हा मऊ शब्द त्यांनी नाकारला. त्यांनी रस्ते अडवले, मुलांना घेऊन रस्त्यात बसले, खेळले, सायकली चालवल्या. १९७३ चं तेलसंकट आलं, मोटारींना रविवारी बंदी आली आणि लोकांना दिसलं, की शहर असंही असू शकतं. मग पुढच्या काही दशकांत जे मार्ग झाले, ते मोटारींची जागा कमी करून झाले. सलग, रुंद, उजेडाचे, चौकातही न तुटणारे. आज तिथं गोल निळा फलक असेल तर सायकलनं त्याच मार्गानं जायची सक्ती आहे, आणि फारसं कुणाला ते डाचत नाही. कारण तो मार्ग रस्त्यापेक्षा चांगला आहे, तो सोडून जायचं कारणच उरत नाही.

एक ट्रॅक सायकलला दूर करण्यासाठी, एक तिला पोचवण्यासाठी. वरून दोन्ही सारखेच दिसतात. फरक ओळखायची खूण सोपी आहे. ट्रॅकसाठी जागा कुणाकडून घेतली ते बघायचं. मोटारीकडून घेतली असेल तर ट्रॅक सायकलचा. पायी चालणाऱ्याच्या पदपथातून, झाडाच्या मुळातून, भाजीवालीच्या टोपलीखालून काढली असेल, तर तो ट्रॅक मोटारीचाच. वर फक्त सायकलचं चित्र रंगवलेलं.

भाजीवालीशी भांडण लावू नका

इथं एका सापळ्यापासून सावध राहू. ट्रॅकची ओरड झाली, की पहिली धाड पडते ती टोपली घेऊन बसलेल्या बाईवर. "सायकलवाल्यांच्या तक्रारी आहेत," म्हणून तिची मिरच्या-कोथिंबीर गाडीत फेकली जाते. कृपा करून माझ्या नावावर हे करू नका. फेरीवाल्यांसाठी २०१४ साली संसदेनं कायदा केला आहे. त्यांना विक्रीच्या जागा ठरवून देणं हे शहराचं काम आहे. ते झालं नाही म्हणून ती ट्रॅकवर बसली. पायी माणसाला पदपथ नाही म्हणून तो ट्रॅकवर चालतो. आणि ट्रॅक चालत नाही म्हणून मी रस्त्यावर येते. पाच फुटांच्या पट्टीत आम्हा तिघांना कोंबून आमची झुंज लावायची आणि उरलेले साठ फूट मोटारींना द्यायचे, हा डाव ओळखला पाहिजे.

त्या साठ फुटांतही चालणाऱ्या मोटारी किती आणि नुसत्या उभ्या किती? सार्वजनिक जागेत फुकट उभी राहणारी मोटार हे आपल्या शहरातलं सगळ्यांत मोठं अतिक्रमण आहे. पण त्याला कुणी अतिक्रमण म्हणत नाही. २०१८ साली पुण्यात रस्त्यावर गाडी लावायचे पैसे घेण्याचं धोरण पुढे आलं, तेव्हा केवढा गदारोळ उडाला! बाईनं टोपली ठेवली तर अतिक्रमण, साहेबांनी मोटार ठेवली तर हक्क.

आणि हा हक्क कुणाच्या जिवावर चालतो? २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. २०११ च्या जनगणनेनुसार घराबाहेर बिगरशेती कामाला जाणाऱ्या बायकांपैकी सुमारे ४५ टक्के पायी जातात; पुरुषांत हे प्रमाण २७ टक्के आहे. पहाटे चार घरची भांडी घासायला निघालेली बाई, कचरा वेचणारी बाई, शाळेत खिचडी शिजवणारी बाई, या सगळ्या चालतात. सायकल मिळाली तर त्यांचा रोजचा तास-दीड तास वाचेल, बसचं भाडं वाचेल. आमच्या गटातल्या घरकाम करणाऱ्या मैत्रिणींना मी सायकल शिकवायला घेतलं. शिकल्या, झकास शिकल्या. पण दोघी सोडून कुणी ती कामावर नेत नाही. म्हणतात, "ताई, सायकल येते हो. रस्ता येत नाही." याहून नेमकं मला तरी सांगता येणार नाही.

'वापरत नाही तर बांधायचे कशाला?'

ट्रॅक रिकामे दिसतात म्हणून ते काढून टाका, असं म्हणणारेही आहेत. विहिरीला पाणी नाही म्हणून बाया घागरी घेऊन तिकडे फिरकत नाहीत. त्यावरून गावाला तहानच नाही, असं कुणी ठरवेल का? पण शहरात नेमकं हेच ठरवतात.

दुसरा आक्षेप, सायकलवाले शिस्त पाळत नाहीत, उलट्या दिशेनं येतात. येतात, खरं आहे. का येतात तेही बघा. रस्त्याच्या मधोमध दुभाजक, ओलांडायला वाट एक-दीड किलोमीटर पुढे. मोटारीला ते अंतर म्हणजे पायाचा एक दाब. माझ्या मांड्यांना ते तीन किलोमीटर. ज्यानं दुभाजक आखला त्याच्या हिशेबात माझे पाय नव्हतेच. तरीही मी उलट्या दिशेनं जात नाही आणि कुणी जाऊही नये, कारण त्यात आपलाच जीव जातो.

तिसरा आक्षेप काळजीचा. तो जास्त अवघड, कारण तो घरातून येतो. "मधून जाऊ नकोस गं, एखाद्या दिवशी उडवतील." ही काळजी मी खोटी मानत नाही. पण काळजीनं आजवर बाईला घरात बसवण्यापलीकडे काय केलं? पोरगी वयात आली की तिची सायकल काळजीपोटीच बंद होते. उडवणाऱ्याला आवरण्यापेक्षा उडवली जाणारीला आवरणं सोपं, म्हणून.

चाक कुठवर नेणार?

सायकलनं बाईचं काय होतं, हे आपल्या देशानं पाहिलं आहे. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ मध्ये साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवण्याची लाट आली. शीला राणी चुंकत तिथं कलेक्टर होत्या. शेतमजूर, खाणमजूर, अंगणवाडी सेविका हजारोंनी सायकलवर बसल्या. पाणी आणायला, माल विकायला, सभेला जायला नवऱ्याची किंवा बसची वाट बघणं थांबलं. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आणि ते देशभर पोचलं. बिहारनं २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलींसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. हायस्कूलमध्ये नाव घालणाऱ्या मुली त्यामुळे खरोखर वाढल्या, हे अभ्यासातून दिसलं. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळतात.

ही मुलगी पायडल मारत शाळेत जाते, दहावी-बारावी होते आणि शिकायला, नोकरीला शहरात येते. इथं तिची सायकल कुठं चालवायची? जे खेड्यात मातीच्या रस्त्यावर जमलं, ते गुळगुळीत काँक्रीटच्या शहरात का जमू नये? ती हप्त्यावर स्कूटी घेईल. घेऊ दे, तिच्यावर माझा काही राग नाही. स्कूटीनंही पुण्याच्या बायकांना मोकळं केलं. पण जिला हप्ता परवडत नाही ती चालेल, किंवा कुणी सोडेल तेव्हाच जाईल, किंवा घराजवळचं कमी पगाराचं काम धरेल. शहराचा रस्ता तिच्या पगाराला कात्री लावतो, तिच्या शिक्षणाला कात्री लावतो. म्हणून सायकलचा प्रश्न पर्यावरणवाल्यांवर किंवा हौशी क्लबांवर सोडून चालणार नाही. तो आपल्या चळवळीचा प्रश्न आहे.

मग आपण काय मागायचं?

ट्रॅक नकोत, असं मुळीच नाही. पण त्यांची जागा मोटारींच्या पदरातून आणि फुकट पार्किंगमधून यावी; पदपथ, झाडं आणि टोपल्यांच्या जागेतून नव्हे. ते सलग असावेत आणि चौकात तुटू नयेत. फाटकापाशी मोटारीनं उंचवट्यावरून हळू जावं, सायकल सपाट जावी. ट्रॅकवर उजेड असावा आणि तो रस्त्यावरून, दुकानांतून दिसता असावा, कठड्याआड कोंडलेला नसावा. पहिले ट्रॅक शाळा, मंडई, दवाखाना आणि वस्त्यांना जोडणारे असावेत. गल्ल्यांत आणि पेठांत ट्रॅकची गरजच नाही. तिथं गाड्यांचा वेग कमी केला की पुरे. आराखड्याच्या बैठकीला घरकामगार, कचरावेचक आणि भाजीवाल्या बायका असाव्यात, आणि बैठक त्यांच्या सवडीनं दुपारी असावी. आणि ट्रॅक तयार झाल्यावर देयक मंजूर करण्याआधी अधिकाऱ्यानं एकदा तरी संध्याकाळी सातनंतर, मागे दळणाचा डबा बांधून, त्यावरून सायकल चालवून दाखवावी. ही शेवटची मागणी मी थट्टेनं करत नाही.

हे होईल तेव्हा मला ट्रॅककडे बोट दाखवायची कुणाला गरज पडणार नाही. माझी सायकल आपण होऊन तिकडे वळेल. तोवर मी रस्त्यावरच आहे. कड सोडून हातभर आत, सगळ्यांना दिसेल अशी, सरळ रेषेत, माझ्या वेगानं. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. एकटीनं गेलं की आपण 'अडथळा' ठरतो. दहाजणींनी गेलं तर वाहतूक म्हणून मोजल्या जाऊ. ज्या मैत्रिणींच्या सायकली जिन्याखाली धूळ खात उभ्या आहेत त्यांनी या महिन्यात हवा भरून घ्या, ब्रेक तपासून घ्या, मागे लाल दिवा लावा. आणि ज्यांना येत नाही त्यांनी निरोप पाठवा. रविवारी सकाळी शिकवायला आम्ही आहोत.